तिची पाच वर्षं

दोघं एकाच कलाशाळेत शिकले. तो लाकडात माणसं कोरायचा, ती तैलरंगात चित्रं काढायची. लग्न झालं तेव्हा दोघांचाही हिशेब सोपा होता: पोटापुरती कुठलीतरी नोकरी करायची आणि उरलेल्या वेळात आपलं काम. उरलेला वेळ म्हणजे काय हे मुलगी झाल्यावर कळलं. उरायचा तो नुसता थकवा. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची खोली दोघांनी स्टुडिओ म्हणून घेतली होती, तिचं कुलूप महिनामहिना निघायचं नाही. आणि ज्या रविवारी निघायचं त्या रविवारी तिकडे कोणी जायचं आणि पोरीजवळ कोणी थांबायचं, यावरून सकाळीच वाजायचं.

मुलगी तीन वर्षांची असताना एकदा असंच वाजलं आणि दोघंही दमून गप्प बसले. तेव्हा त्यानेच तोडगा काढला. असं अर्धंअर्धं करण्यात अर्थ नाही. एकाने पाच वर्षं नोकरी करायची, दुसऱ्याने पाच वर्षं स्टुडिओ आणि पोर सांभाळायची. मग अदलाबदल. निदान एका वेळी एकाचं तरी धड होईल. आधी कोण, यावर फारशी चर्चा झालीच नाही. तिची रंगाच्या कारखान्यातली नोकरी कायमची होती, त्याची आज आहे उद्या नाही अशी. शिवाय एका कलादालनाच्या बाईंनी त्याचं काम बघून प्रदर्शनाबद्दल विचारलं होतं. तेव्हा आधी तो. हे तिनेच म्हटलं, आणि म्हणताना तिला वाईटही वाटलं नाही. पाच वर्षं काय, बघता बघता जातील.

गेलीही.

कारखान्याच्या लॅबमध्ये तिचं काम रंग जुळवायचं होतं. गिऱ्हाईक नमुना पाठवायचं, म्हणजे पत्र्याचा तुकडा, फरशीचा टवका, एकदा तर कोटाचं बटण, आणि हाच रंग डब्यात पाहिजे म्हणून सांगायचं. ती थेंबाथेंबाने रंग घोटून तो पट्टीवर ओढायची आणि पट्टी नमुन्याशेजारी, कडेला कड लावून, एका करड्या पेटीत ठेवायची. पेटीत तीन तऱ्हेचे दिवे होते: एक दिवसाच्या उजेडासारखा, एक पिवळ्या बल्बचा, एक दुकानातल्या नळीचा. तिन्ही दिव्यांखाली दोन रंगांमधली रेघ दिसेनाशी झाली की रंग जुळला. इतरांना एकेका रंगापायी सहासात पट्ट्या ओढाव्या लागत. तिला दोन, फार तर तीन. "तांबडा जरासा चढलाय," असं ती लांबूनच सांगायची, आणि तो चढलेला असायचा. लॅबमध्ये सगळे तिला काटा म्हणत, तराजूचा काटा. काटाबाई बाजारात टोमॅटो तिन्ही दिव्यांखाली धरून घेतात, अशी थट्टा चालायची. तीही हसायची.

पहिली दोन वर्षं ती जेवणाच्या सुट्टीत एका वहीत टिपणं करायची. पुढे काढायच्या चित्रांची. मग सुट्टीत नुसतं बसावंसं वाटायला लागलं.

त्याने त्या पाच वर्षांत वीसेक पुतळे कोरले. छातीएवढ्या उंचीची माणसं, नुसती उभी. कोणी रांगेत असल्यासारखं, कोणी थांब्यावर, कोणी परक्याच्या दारात. कलादालनाच्या बाईंनी प्रदर्शन भरवलं, वर्तमानपत्रात चार ओळी छापून आल्या, काही पुतळे विकले गेले. शेवटी अकरा उरले. शिवाय मुलीला त्यानेच वाढवलं. वेण्या, डबा, ताप, शाळेतल्या बाईंच्या चिठ्ठ्या, सगळं त्याच्याकडे. पोरगी सारखी काहीतरी गुणगुणत असायची, जेवताना, गृहपाठ करताना, संडासातसुद्धा. म्हणून तिचं नाव भुंगी पडलं. ते नावही त्यानेच ठेवलं. ते पडलं तेव्हा आई कामावर होती.

पाचवं वर्ष संपलं तसा तिने राजीनामा दिला. लॅबचे साहेब सहसा घसा खाकरण्यापलीकडे बोलत नसत. ते म्हणाले, "एखादा रंग अगदीच अडला तर फोन केला तर चालेल ना?" ती म्हणाली, चालेल की. त्याला तंत्रशाळेत सुतारकाम शिकवायची नोकरी मिळाली. पहिल्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून, केस चापून निघाला तेव्हा भुंगीने त्याला ओळखलंच नाही असं नाटक केलं. तिघंही हसली.

त्याच दिवशी दहा वाजता तिने स्टुडिओचं कुलूप काढलं. अर्ध्या खोलीत पुतळे उभे होते, जुन्या चादरी पांघरून. ते हलवायचं तिने त्याला महिनाभर आधी सांगितलं होतं. घरात जागा नव्हती. त्याच्या थोरल्या बहिणीच्या, अक्कांच्या दुकानामागे एक खोली होती, पण तिथे ओल आहे, लाकडाचा नास होईल, असं अक्कांनी सांगितलं. या रविवारी काहीतरी बघतो, असं तो दर रविवारी म्हणायचा. तिनेही फार लावून धरलं नाही. ती खिडकीकडच्या अर्ध्या खोलीत बसली, कापड ताणलं, रंग काढले.

हात चालत नव्हता असं नाही. हात नको तितका चालत होता. तिने समोरची भिंत काढायला घेतली. पोपडे धरलेली, एका कोपऱ्यात ओलीने काळपटलेली. पहिल्याच फटक्यात रंग जुळला. तिने तो कापडावर लावला आणि मागे सरून बघितलं. कापडावर भिंतीचा रंग होता. बास. भिंत नव्हती, उजेड नव्हता, ती स्वतः तर नव्हतीच. तिने खिडकीची चौकट घेतली, आपल्या चपला घेतल्या. जे बघेल त्याचा नेमका रंग तिच्या हातून यायचा, आणि कापड गिऱ्हाइकाला दाखवायच्या पट्ट्यांसारखं दिसायला लागायचं. मग समोर काही ठेवायचंच नाही असं तिने ठरवलं आणि वही उघडली. वहीत लिहिलं होतं, "तळ्याकाठचा निळा, ओला, जरा घाबरलेला". हे लिहिणारी बाई कोण होती ते तिला आठवेना. ती संध्याकाळपर्यंत बसली आणि निघताना सुरीने रंग खरवडून काढला.

असा दीड महिना गेला. खरवडलेली चार कापडं भिंतीला टेकून उभी राहिली. जेवताना तो विचारायचा, "कसं चाललंय?" आणि ती म्हणायची, "चाललंय." त्याला एवढ्याने बरं वाटायचं. तो खुशीत होता, हे तिला दिसत होतं. तंत्रशाळेतल्या पोरांच्या गोष्टी सांगताना त्याचे डोळे चमकायचे. एकाने स्टूल केलं, त्याचे चारही पाय वेगवेगळ्या लांबीचे. दुसऱ्याने स्वतःची बाहीच खिळ्याने बाकाला ठोकली. पाच वर्षांत तिने त्याला स्टुडिओतून इतकं हसत आलेलं बघितलं नव्हतं. हे लक्षात आल्यावर तिला त्याचा राग आला, आणि राग आल्याची लाज वाटली.

एकदा त्याने खोदून विचारलं तेव्हा ती बोलून गेली की मोठी मालिका करतेय, दहाबारा चित्रांची, पण पूर्ण होईपर्यंत कोणी बघायचं नाही. तो लगेच कबूल झाला. असल्या बाबतीत तो शब्दाचा पक्का होता. त्या दिवसापासून तिचं खोटं रीतसर सुरू झालं. स्टुडिओत ती अकरापर्यंत बसायची, मग चटईवर आडवी व्हायची. झोप लागायची, तीही गाढ. चादरीखालचे अकरा जण आपल्याकडे बघताहेत असं उठल्यावर वाटायचं.

अशातच लॅबमधून फोन आला. एक हिरवा चार दिवस अडून बसला होता. फोनवरून सांगता येण्यासारखं नव्हतं म्हणून ती बस पकडून गेली. तासाभरात हिरवा सुटला. साहेबांनी घसा खाकरला, बाकीच्यांनी चहा पाजला. परत येताना बसमध्ये तिच्या ध्यानात आलं की कित्येक आठवड्यांत पहिल्यांदाच आपल्याला जेवण नीट जाईल. पुढच्या गुरुवारी ती फोन न येताच गेली. मग मंगळवारी आणि गुरुवारी. तिच्या खुर्चीवर एक नवी मुलगी बसायची. हिने स्टूल ओढून तिच्या शेजारी बसायचं, तिच्या पट्ट्या बघायच्या, चुका सांगायच्या. साहेबांना ते विचित्र वाटत असणार, पण त्यांनी विचारलं नाही. चार वाजता ती निघायची, आणि घरात शिरण्याआधी नखांतला कारखान्याचा रंग पेट्रोलच्या बोळ्याने पुसायची. आपण कोणाशी लफडं करत असतो तरी याहून काही वेगळं केलं नसतं, असं तिच्या मनात यायचं.

घरीही तिची गाडी रुळावर नव्हती. भुंगीच्या दोन वेण्या दोन वेगवेगळ्या मुलींच्या वाटायच्या. डब्यात तिने जे दिलं ते अर्धं परत यायचं. एका सकाळी शाळेत भुंगीला ताप भरला. शाळेने बापाला फोन केला, तो वर्ग सोडून धावला. ही पाच वाजता घरी आली तेव्हा पोरगी औषध घेऊन, कपाळावर पट्टी ठेवून झोपली होती आणि तो शेजारी पुस्तक वाचत बसला होता. शाळेत तर आता माझा नंबर दिला होता ना, तिने विचारलं. भुंगीने डोळे न उघडता उत्तर दिलं.

"बाईंनी मला विचारलं. मी बाबाचा सांगितला. मला तोच पाठ आहे."

त्यात काही बोच नव्हती. पोरीने खरं ते सांगितलं होतं. आई स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून नुसती उभी राहिली.

अदलाबदलीला सहा महिने झाल्यावर एका रविवारी अक्का जेवायला आल्या. अक्कांची जीभ जरा तिखट, पण मनात काही ठेवायच्या नाहीत. जेवण झाल्यावर त्यांनी विषय काढलाच. म्हणाल्या, "हे बघ, मला चित्रातलं काही कळत नाही. पण ह्याने पाच वर्षं केलं ते दिसायचं तरी. लाकडाचे ढीग यायचे, माणसं बाहेर पडायची. तुझं काही नावनिशाण नाही."

ती उत्तर जुळवत होती तेवढ्यात तोच मध्ये पडला. "अक्का, बारा मोठी चित्रं करतेय ती. तुला काय वाटलं, लोणचं आहे, आज घातलं आणि उद्या काढलं? मी कलादालनाच्या बाईंना सांगूनसुद्धा ठेवलंय. पुढच्या महिन्यात त्या बघायला येतायत." मग तो तिच्याकडे वळला आणि ओशाळून हसला. तिला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता म्हणे. धक्का बसला. तरी ती हसली आणि अक्कांना आणखी वाढायला उठली.

त्यानंतर ती रोज स्टुडिओत गेली. महिनाभरात बारा नाही तर तीन तरी, तीन नाही तर एक. कापड रंगायचं आणि खरवडलं जायचं. एका बुधवारी तिच्याच्याने सुरीही उचलवेना. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, ती पुन्हा लॅबमध्ये गेली, दिवसभर राहिली. संध्याकाळी जेवताना त्याने काही विचारायच्या आतच ती म्हणाली की आज मोठ्या चित्राने एकदाचा जीव धरला. "वा," तो म्हणाला, आणि पावाची ताटली तिच्यापुढे सरकवली.

रविवारी सकाळी तो लवकर उठला. पुतळ्यांचं आज काय ते करून टाकतो म्हणाला आणि न खाताच गेला. अकरा वाजून गेले तरी आला नाही, तेव्हा तिने डबा भरला, भुंगीला बरोबर घेतलं आणि निघाली. कोपऱ्यावर वळतानाच करवतीचा आवाज ऐकू आला. सायकलवाला दुकानासमोर चाक फिरवत बसला होता, त्याने मान वर करून विचारलं, "वहिनी, वर काय वखार काढली का?"

ती दोनदोन पायऱ्या चढत वर गेली. चादरी व्यवस्थित घड्या घालून तिच्या खुर्चीवर ठेवल्या होत्या. सगळीकडे भुसा. सहा पुतळे कापून झाले होते, कोणी कमरेत, कोणी गळ्यात, आणि तुकडे जळणासारखे भिंतीशी रचले होते. सातवा दोन स्टुलांवर आडवा होता, एक म्हातारी, पदराआड हात धरलेली. करवत तिच्या छातीत अर्धी गेली होती. त्याने हिला बघितलं, पण थांबला नाही. काप अर्धवट सोडायचा नाही असं तो पोरांना शिकवायचा. तो कापत राहिला, आणि म्हातारीचा वरचा भाग खाली पडला.

"काय करतोयस?" तिने विचारलं.

"जागा."

"वेड लागलंय का तुला?"

त्याने करवत खाली ठेवली, चष्मा काढून शर्टाला पुसला. "मी गुरुवारी आलो होतो," तो म्हणाला. "तंत्रशाळेचं पाणी गेलं म्हणून दुपारीच सोडलं. म्हटलं, मापं घ्यावीत, कुठे काय मावतंय बघावं. तू नव्हतीस. पाच वाजेपर्यंत बसलो."

तिने खरवडलेल्या कापडांकडे बघितलं. आता ती सात होती. सगळी पुढे तोंड करून उभी केलेली. त्याने एकेक फिरवून बघितलं असणार.

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"काय बोलू? मी विचारणार, कुठे होतीस, आणि तू सांगणार, इथेच होते. ते ऐकायची माझी तयारी नव्हती."

"लॅबमध्ये होते," ती म्हणाली. "मंगळवारी आणि गुरुवारी जाते. रंग जुळवायला. फुकट."

त्याच्या चेहऱ्यावरून कळलं की त्याने दुसरंच काहीतरी धरलं होतं, तीन दिवस उराशी धरून बसला होता. तो मटकन स्टुलावर बसला. मग म्हणाला की त्याला वाटलं हे ह्या पुतळ्यांमुळे होतंय. अकरा माणसं डोक्यावर उभी असताना कोणाच्या हातून काय होणार? तिची चित्रं अशी खोली अडवून असती तर त्याच्या हातूनही काही झालं नसतं. म्हणून एकदाची भानगड मिटवावी.

ती हळूच बोलली. "हे तुझ्या एकट्याचे नव्हते. पाच वर्षं मी त्या पेटीपुढे उभी राहिले. कोणी विचारलं, तुमचं काय चाललंय, तर मी सांगायचे, आमच्याकडे पुतळे होतात. आमच्याकडे. माझ्या त्या वर्षांचं दाखवायला दुसरं काय आहे माझ्याजवळ? आणि तू मला न विचारता लाकडं केलीस त्यांची."

"मला ते बघवत नव्हते."

"म्हणजे?"

त्याने खाली पडलेला म्हातारीचा तुकडा पायाने सरळ केला. "तिसऱ्या वर्षीच मला सोडायचं होतं. प्रदर्शन झालं ना, तिथे सगळे ओळीने उभे केलेले बघितले आणि कळलं की माझं एवढंच आहे. पुढे काही नाही. घरी येऊन सांगणार होतो. पण तू सकाळी सातला डबा घेऊन निघायचीस, मी दारात उभा असायचो. कुठल्या तोंडाने सांगू? म्हणून कोरत राहिलो. ह्यातले आठ त्यानंतरचे आहेत. आठही खोटे आहेत. तुला कळलं नाही?"

नव्हतं कळलं. तिला ते आवडले होते. ती म्हणाली, "म्हणजे दोन वर्षं..." आणि थांबली. ती दोन वर्षं तिची होऊ शकली असती, हे त्यालाही समजलं. पण त्याच क्षणी तिला आपले सात महिने आठवले, आणि पुढे बोलायला तोंड उरलं नाही. त्यानेही ते बोलून दाखवलं नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, असं तिला नंतर वाटलं.

भुंगी दाराशी डबा धरून उभी होती. येताना जिनाभर गुणगुणत आली होती, ती आता गप्प होती. तिने विचारलं, "आपण इथे जेवायचं, का घरी जायचं?"

कोणालाच दुसरं काही सुचेना, म्हणून तिथेच जेवले. भुशात बसून, एका डब्यातून तिघं. भुंगीने आपल्यातली अर्धी पोळी बापाला दिली. बाकीचे चार पुतळे उभेच होते. त्यांना त्याने पुन्हा हात लावला नाही.

पुढचे काही आठवडे वाईट गेले. भांडण झालं असतं तर निस्तरता आलं असतं. भांडण झालं नाही. दोघं एकमेकांशी फार जपून वागायला लागले. आंघोळीला तू आधी जा, नको, तूच जा. मीठ देतेस का? दमली असशील, मी भांडी घासतो. एके दिवशी भुंगीने विचारलं, "तुम्ही पाहुण्यांसारखं का बोलता?" त्यावर दोघांनी एकदमच, असं काही नाही, म्हणून सांगितलं, तेही पाहुण्यांसारखंच. कापलेलं लाकूड चांगलं होतं. ते त्याने हातगाडीवर घालून तंत्रशाळेत नेलं. पोरांनी त्याच्या ठोकायच्या मोगऱ्या आणि पटाशीच्या मुठी केल्या. हे त्याने एकदा घरी सांगितलं, तिचा चेहरा बघितला, आणि परत कधी तो विषय काढला नाही.

कलादालनाच्या बाईंचं यायचं ठरलं होतं, त्यांना थांबवणं भाग होतं. त्याने तिच्यासमोरच फोन लावला. बघण्यासारखं काही नाहीये, मीच जरा वाढवून सांगितलं, बायकोचं कौतुक, दुसरं काय, असं तो सांगत होता. ती ऐकत होती. तो सहज तिचं सगळं आपल्या अंगावर घेत होता, आणि त्यात तो किती तरबेज आहे हे तिला ऐकवेना. तिने त्याच्या हातातून फोन घेतला.

"त्याने वाढवून नाही सांगितलं," ती म्हणाली. "मी त्याला खोटं सांगितलं होतं. माझं एकही चित्र झालेलं नाही."

पलीकडून बाई म्हणाल्या की हरकत नाही, कधी काही झालं तर कळवा. ज्यांच्याकडून आता काही अपेक्षा नसते त्यांच्याशी बोलायचा एक सूर असतो, तोच तो होता. फोन ठेवल्यावर तिला थोडं मोकळं वाटलं. तो म्हणाला, "कशाला सांगितलंस? मी निभावलं असतं." ती म्हणाली, "म्हणूनच."

महिन्याअखेरीस ती साहेबांपुढे जाऊन बसली आणि काय ते सगळं सांगितलं. हे सांगताना आपण हरून परत आलोय असं तिला वाटत होतं, आणि ते काही अंशी खरंही होतं. साहेबांनी घसा खाकरला आणि आठवड्याला तीन दिवस या म्हणाले. नव्या मुलीला शिकवायला कोणीतरी हवंच होतं. उरलेले दोन दिवस स्टुडिओचे. पाच वर्षांचा करार कोणी मोडला असं नाही, पण त्याचं नावही कोणी घेईनासं झालं. अक्का आल्या तेव्हा तिने त्यांनाही सरळ सांगितलं की माझं काही जमलं नाही, परत कामावर जाते. अक्का क्षणभर गोंधळल्या. मग म्हणाल्या, "बरं केलंस बाई," आणि जाताना तिच्या पाठीवरून हात फिरवून गेल्या. तो हात तिला टोमण्यापेक्षा जास्त जड गेला. भुंगीला तिने आपला नंबर गाण्याच्या चालीवर बसवून पाठ करायला लावला. दोन दिवस घरात तेवढंच ऐकू येत होतं.

स्टुडिओत कित्येक दिवस काही झालं नाही. एका बुधवारी तिने उरलेल्या चार पुतळ्यांच्या चादरी काढल्या. त्यातला एक तिला आता खरंच फुसका वाटला, आणि एक अजूनही आवडला. नवऱ्याला ती कामाच्या कपड्यांत, खुर्चीत मान टाकून झोपलेला नेहमी बघायची, तसा तिने त्याला आठवणीतून एका लहान कापडावर काढायला घेतला. चित्र काही खास उतरलं नाही. मान चुकली होती आणि शर्ट कधी नव्हता त्या रंगाचा झाला होता. संध्याकाळी तिने सुरी हातात घेतली, थोडा वेळ उभी राहिली आणि ते तसंच ठेवून कुलूप लावलं. पुढच्या खेपेला ते तिला अजून वाईट दिसलं. पण ती त्यातच पुढे काम करत राहिली.

त्याच सुमाराला एका शनिवारी सकाळी दोघं नाश्त्याची भांडी आवरत होती. तो घासत होता, ती पुसत होती. तिने विचारलं, "तुला परत कधी कोरावंसं वाटलं तर?"

"सांगेन."

"आणि नाहीच वाटलं कधी, तर?"

"तेही सांगेन."

"बघ, किती पटकन बोललास," ती म्हणाली.

त्याने हातातली कढई तशीच धरली आणि विचार केला. "प्रयत्न करेन," तो म्हणाला. "मला सवय नाहीये त्याची. तुला तरी कुठे आहे?"

"नाहीये."

आतल्या खोलीत भुंगी कपाट उलटंपालटं करून मोजा शोधत होती. तो पुन्हा घासायला लागला. मग तिच्याकडे न बघताच म्हणाला, "मग एक आत्ताच सांगून टाकतो. तुझी लग्नाआधीची चित्रं आहेत ना, ती मी सगळ्यांपुढे वाखाणायचो. मला ती कधीच फारशी कळली नाहीत."

तिने ताटली पुसून झाली तरी ती आणखी थोडा वेळ पुसली. "मला लागलं हे," ती म्हणाली.

"हो," तो म्हणाला. "लागणारच होतं."

त्याने कढई विसळून तिच्या हातात दिली, आणि ती पुसायला लागली.